सगळ्या गावाचा एक जून

अन्याय झाला तो आठवीतल्या एका मुलीवर. कधी, तेही सांगते: यंदा श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी. अर्धी शाळा होती, प्रार्थना संपून मुलं वर्गात शिरत होती. सरकारी जीपमधून दोन माणसं उतरली, तिला रांगेतून बाहेर काढलं आणि मैदानात सगळ्यांसमोर विचारलं, "तुम कहाँ से आई हो?"

"घरनं," ती म्हणाली.

"घर कहाँ है?"

"त्ये काय, बंगल्याच्या मागं. हितनं दिसतंय."

पोरं हसली. ती दोन माणसं हसली नाहीत. संध्याकाळी तिच्या आईच्या हातात नोटीस पडली. मुलीच्या जन्माची नोंद संशयास्पद आहे, ती रद्द का करू नये, ते वडगावला सुनावणीला येऊन सांगा. आईला मराठी वाचता येत नाही. नोटीस त्या मुलीनंच मोठ्यानं वाचून दाखवली.

ती नोटीस घेऊन दोघी माझ्याकडे आल्या, कारण मी पत्रकं लिहिते, वाटते आणि दारोदार भांडत फिरते, हे खंडाळ्यापासून वडगावपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला गोल गोल बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तिचे आईबाप सीमेपलीकडून आले, कागदाशिवाय आले. मी ते लपवणार नाही. खंडाळ्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत ती दोघं राहायची. बाप बागेचं बघायचा, आई शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी धुवायची. वैशाखात बापाला उचलून नेलं. तो कुठं आहे, हे विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो.

आता कायदा. दोन हजार चार साल संपता संपता तो बदलला. त्यानंतर इथं जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एक जरी बेकायदा आलेला असला, तरी ते मूल भारताचं नाही. मग ते कुणाचं, हे कायदा सांगत नाही. मला हा कायदा मान्य नाही आणि त्याच्याशी मी आयुष्यभर भांडणार आहे. पण वडगावच्या सुनावणीत भांडण त्याहून छोटं होतं. लोणावळ्यातल्या दवाखान्यात ही मुलगी जन्मली, एवढंच सांगणारी एक नोंद. ती असेपर्यंत ही इथलीच जन्मलेली आहे, हे कुणालाही नाकारता येत नाही. ती रद्द झाली, की आईबरोबर तिचंही नाव घुसखोरांत. जी कधी कुठून आलीच नाही, ती घुसली कुठून?

संशय आला तो तारखेवरून. दवाखान्याची नोंद सांगते, मुलगी श्रावणात जन्मली. शाळेचा दाखला सांगतो, एक जून. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी यावरून काढलेला अर्थ असा: दवाखान्यातलं बाळ वेगळं, ही पोर वेगळी. ही मागाहून तिकडून आणली आणि त्या बाळाच्या नावावर खपवली.

मावळात वाढलेल्या कुणालाही हे ऐकून हसू येईल. मलाही आलं. मग राग आला.

कारण शाळेत नाव घालताना आई दवाखान्याचा कागद घेऊनच गेली नव्हती. कागद दाखवला की माणूस पकडला जातो, एवढंच तिला ठाऊक होतं. मग हेडमास्तरांनी तेच केलं, जे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. पोरीला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला टेकली. "लागतोय. सहा पूर्ण," ते म्हणाले आणि तारखेच्या रकान्यात एक जून लिहिलं. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून वाड्यावस्त्यांवरची पोरं जन्मतात जूनमध्ये. माझे वडील एक जूनचे. दोन्ही चुलते एक जूनचे. आमच्या घरात दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "आजीनं तारीख काय चुकवली न्हाई बघा!"

म्हणजे काम सोपं होतं. हेडमास्तरांनी एवढंच लिहून द्यायचं, की तारीख मी अंदाजानं घातली. ते आता लोणावळ्यात मुलाकडे असतात. मी पायऱ्या चढून गेले. त्यांनी मला शिकवलंय, लाडू दिला, पाठीवर हात फिरवला. काम सांगितल्यावर लाडवाची ताटली मागं सरकवली.

"तोंडी सांगतो तुला. लिहून नाही देणार."

"गुरुजी, तुम्ही खोटं लिहायचं नाहीये. खरं लिहायचंय."

"अगं, खरंच तर अवघड आहे! मी एका पोरीचं अंदाजानं लिहिलं असं कबूल केलं, की विचारतील, बाकीच्यांचं? काय सांगू? साऱ्या तालुक्याचं?"

"हो, सांगा की."

"तुझ्या बापाला विचारून ये आधी," ते म्हणाले.

विचारलं. वडील तळेगावला कंपनीत आहेत. सकाळी भाताच्या खाचरात, दुपारी शिफ्टला. कंपनी निवृत्तीचं वय दाखल्यावरून धरते. खरं वय दाखल्यापेक्षा दीड वर्षानं जास्त, हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलेलं. त्या दिवशी हसले नाहीत.

"तुझ्या पत्रकापायी माझी नोकरी घालवतीस व्हय गं?"

"आबा, ती पोर उचलून नेतील."

"लय वाईट हाय. पर त्यात मी कुटं आलो?"

"तुम्ही एक जूनमध्ये आलात ना!"

ते ताट तसंच ठेवून उठले. आई मला म्हणाली, "जेवताना तरी सोड त्यांना."

मग मी पारावर गेले, दुधाच्या डेअरीवर गेले, बचत गटाच्या बैठकीत बसले. सगळ्यांना ती मुलगी माहीत. सगळ्यांना वाईट वाटतं. एकानं तर चहा पाजला आणि म्हणाला, "आमचा पाठिंबा हाय, ताई. फकस्त नाव घालू नका." नाव न घालता पाठिंबा म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

सुनावणीला मी, ती आणि तिची आई, तिघीच गेलो. मुलगी शाळेच्या गणवेशात आली होती. आईनं तिचा हात इतका घट्ट धरला होता, की मनगटावर वळ उठला.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "दोन तारखा. एक खोटी. कुठली?"

"शाळेची," मी म्हणाले. "अंदाजानं घातलेली आहे. इथं सगळ्यांची तशीच असते."

"सगळ्यांची म्हणजे? कुणाची?"

"साहेब, तुमची जन्मतारीख काय आहे?"

"मॅडम, इथं प्रश्न मी विचारतो."

मागच्या टेबलावरच्या कारकुनानं मान खाली घातली. का घातली, ते मला आणि त्याला, दोघांनाही माहीत.

साहेब मुलीकडे वळले. "तू सांग. तुझा वाढदिवस कधी?"

तिनं एक तारीख चुकीची सांगितली, की संपलं.

"घरी श्रावणात करत्यात," ती म्हणाली. "शाळंत एक जूनचा करत्यात. पयल्या दिवशी गुर्जी म्हणायचे, एक जूनवाले उभं ऱ्हावा. निम्मा वर्ग उभा ऱ्हायचा. टाळ्या वाजवायला मानसं कमी पडायची."

कारकून फसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, तसा थांबला.

"गोष्ट छान आहे," साहेब म्हणाले. "पण हे फक्त ही सांगते. दुसरं कोण सांगतंय? पुढच्या सोमवारी शेवटची तारीख. तोवर माणसं आणा, लेखी आणा. नाहीतर नोंद रद्द, आणि पुढचं पोलीस बघतील."

बाहेर आल्यावर तिची आई रेल्वे स्टेशनच्या भिंतीला टेकून खाली बसली. मुलीनं तिला उठवलं नाही, शेजारी जाऊन बसली. मग मला विचारलं, "ताई, सोमवारी कोन येनारे?"

गुरुजी अजून दार उघडतात, पण विषय काढू देत नाहीत. वडील अजून हो म्हणालेले नाहीत.

म्हणून हे तुम्हाला विचारते. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. त्यावर एक जून आहे? तुमचा कान डोक्यावरून धरायला लावला होता? मग वाईट वाटून घेऊ नका, त्याचा उपयोग नाही. सोमवारी साडेदहाला वडगावला या. दाखला घेऊन या. साहेबांसमोर उभे राहा आणि लिहून द्या, सहीनिशी, नावानिशी: माझीही तारीख अंदाजाचीच आहे, आणि मला कुणी घुसखोर म्हटलेलं नाही.