मामंजींचा लॅपटॉप बोलेना

माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूने गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं धूसर झालं, आणि शेवटी खिडकी कुठे आहे एवढंच त्यांना कळायला लागलं. तोवर ते गावी, तिसगावला एकटेच राहत होते. सासूबाई आधीच गेल्या होत्या. आम्ही त्यांना सावेडीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो.

नोकरीत असताना मामंजी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. त्यातून वेळ मिळाला की पेपर. तोही पहिल्या पानापासून शेवटच्या जाहीर नोटिशीपर्यंत. आमच्याकडे आल्यावर सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, पण माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे असायचं आणि ते त्यांना कळायचं. "राहू दे पोरी," म्हणायचे, "मथळे झाले, लई झालं."

म्हणून मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर मिळतं, ते त्यात टाकलं. मराठी आवाजही मिळाला, बाईचा. बाण असलेलं बटण दाबलं की इंटरनेटवरच्या पेपरातली पुढची ओळ, दुसरं दाबलं की पुढची बातमी. मामंजी सुरुवातीला कीबोर्डवरून नुसता हात फिरवत बसायचे. नंतर बोटांना जागा कळल्या आणि त्यांनी आवाजाचा वेग वाढवायला सांगितला. पुढे तर तो इतका वाढवला की आम्हाला एक शब्द कळायचा नाही. आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे बघायचो आणि मामंजी मधेच "अरेरे" नाहीतर "बरं झालं" म्हणायचे.

मागच्या वर्षी थंडीत, एका अपडेटनंतर, तो लॅपटॉप सुरू व्हायचा, चिन्ह दाखवायचा आणि परत बंद व्हायचा. सगळं करून बघितलं. शेवटी इथल्याच एका दुकानात नेऊन दिला. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिली. "मॅडम, आता नव्यासारखा पळेल," म्हणाला.

घरी आणून मी नेहमीच्या टेबलावर ठेवला, टेबलामागच्या सॉकेटमध्ये चार्जर लावला, वाचणारं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं आणि मामंजींना खुर्चीत बसवलं. त्यांनी बाणाचं बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. बऱ्याच वेळाने आवाज आला, "जिल्ह्या", आणि थांबला. मग एकदम तीन ओळी एकावर एक धावत आल्या आणि पुन्हा शांतता.

"नवीन हाय म्हनून आसंल," मामंजी म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मागे अपडेट चालू असतील, एक दिवस तसाच चालू ठेवा." ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी इंटरनेटवर वाचून एकेक करायला लागले. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले. डिस्क साफ केली. आवाजाचा ड्रायव्हर काढून परत टाकला. वाचणारं सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकलं. माऊसचा बाण पडद्यावर चिखलातून चालल्यासारखा सरकायचा. कुठल्या प्रोग्रामवर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी असते, ती उघडायलाच इतका वेळ लागायचा की तोवर मी भाजीला फोडणी देऊन यायचे. त्या खिडकीत प्रोसेसरचा वेग अगदीच कमी दिसत होता. मला ते दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन जुनं झालंय. किती दिवस चालणार?"

डोळसाला निदान पडद्यावर फिरणारं वर्तुळ दिसतं, थांबायचंय हे कळतं. मामंजींना ते दिसत नव्हतं. बटण दाबून ते तसेच बसायचे, मान थोडी तिरकी करून. मी म्हणायचे, "मामंजी, लॅपटॉप अडकलाय." ते म्हणायचे, "व्हय का?" आणि हात मांडीवर घ्यायचे. हळूहळू ते टेबलाकडे जाईनासे झाले. मी शाळेतून आले की कॉटवर पडलेले असायचे. पेपरात काय आलंय हे त्यांनी विचारणंही सोडलं. नवरा म्हणाला, नवा घेऊ. मामंजी म्हणाले, "नगं. मला आता त्याचं काही वाटत न्हाई."

एका शनिवारी दुपारी मी बळंच त्यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, अजून एक सेटिंग बदललंय, बघा बरं. ते बसले आणि मी स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यात नवल नव्हतं. पंखा घरघरत थांबला. आणि त्या शांततेत बाहेरच्या खोलीतून लॅपटॉपमधली ती बाई बोलायला लागली. न अडखळता, आमच्या डोक्यावरून जाईल अशा जुन्या वेगाने. मी हातात पीठ तसंच घेऊन दारात उभी राहिले. मामंजी पुढे वाकून बसले होते आणि बोटं भराभर बाणावर पडत होती.

बोललं तर थांबेल अशी भीती वाटली.

थोड्या वेळाने लाइट आली. पंखा फिरायला लागला आणि ती बाई एका शब्दाच्या मधोमध थांबली.

मामंजींनी बाण दोनदा दाबून बघितला. मग म्हणाले, "पोरी, लाइट आली ना आत्ता?"

"हो."

"लाइट गेल्ती तवा हे नीट बोलत हुतं. आता गप झालं. चार्जर काढ बरं त्याचा."

मी हात पुसले आणि चार्जरची पिन ओढली. श्वास घेतो न घेतो तोच वाक्य पुढे सुरू झालं. पिन लावली, थांबलं. काढली, सुरू. आम्ही दोघं हे लहान मुलांसारखं किती वेळा केलं कोण जाणे.

मी लॅपटॉप उलटा केला. खाली नव्वद वॅट लिहिलेलं होतं. टेबलामागे वाकून चार्जर ओढून काढला, त्यावर पंचेचाळीस. रंग तोच, पिन तीच, पण चार्जर आमचा नव्हताच. दुकानातून येताना बदलला होता. लॅपटॉपला पुरेशी वीज मिळत नव्हती, म्हणून तो स्वतःचा वेग कमी करून कसाबसा चालत होता; चार्जर काढला की बॅटरीवर नीट चालायचा. विंडोजचा त्यात काही दोष नव्हता.

हे मी मामंजींना समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण चेहरा काही वेगळाच झाला होता. मला वाटलं, चिडले.

"म्हंजी माझं काही न्हाई?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काय असणार?"

"मला वाटलं, आता कानबी चालले." ते कीबोर्डवर हात ठेवून बोलत होते. "बटन दाबतोय, तू म्हन्तीस अडकलंय. मला वाटलं, ते बोलतंय आन् त्याचा बारीक आवाज मलाच आयकू येईना. तू मला बरं वाटावं म्हनून म्हन्तीस अडकलंय. डोळे गेले तवा तुमी सगळे आसंच म्हनायचा, लाइट कमी हाय म्हनून."

मी त्यांच्या शेजारी खाली फरशीवरच बसले. म्हटलं, "मामंजी, तुमच्यामुळेच तर सापडलं." ते हसले. डोळे पुसले आणि म्हणाले, "चल, आपला चार्जर आनू."

दुकानदाराला फोन केला. त्याने शोधून सांगितलं की त्याच दिवशी केडगावच्या एका बाईंचा लॅपटॉप दुरुस्त होऊन गेला होता, त्यांच्याकडे असेल. तो फार ओशाळला, सोमवारी आणून देतो म्हणाला. मामंजींना सोमवारपर्यंत थांबायचं नव्हतं. बाईंना विचारून आम्ही स्कूटरवर निघालो. मामंजी मागे, त्यांच्या मांडीवर तो परका चार्जर पिशवीत. पुणे रोडला गर्दी होती. प्रत्येक हॉर्नला ते माझ्या कानाशी सांगत होते, "हा ट्रक हाय. ही एसटी. ही लांबची दिसती." आम्ही एकत्र स्कूटरवर पहिल्यांदाच बसलो होतो.

त्या बाई घरीच लग्नपत्रिकांची मजकूरजुळणी करायच्या. "अगं बाई, माझा तर छान चाललाय," म्हणाल्या. "मला कसं कळणार?" त्यांनी दोन्ही चार्जर मामंजींच्या हातात दिले. मामंजींनी ते तोलून बघितले आणि एक छातीशी धरला. "हा जड हाय. हाच आपला." लेबल बघितलं तर खरंच तोच होता. बाईंनी चहा केला. मामंजींनी त्यांना तुमचं माहेर कुठलं, इथपासून विचारायला सुरुवात केली. कितीतरी आठवड्यांनी ते परक्या माणसाशी असे बोलत होते.

घरी येऊन मी चार्जर लावला. पिन आत जाताना दोघांनीही श्वास धरला होता. लॅपटॉपमधली बाई बोलत राहिली. मग मी चपला काढल्या. पाय एकदम दुखायला लागले होते.

नवरा कारखान्यातून आला तेव्हा मामंजी साठलेल्या जुन्या बातम्या ऐकत होते आणि मी कणीक मळत होते. त्यांनी त्याच्यासाठी वेग कमी केला आणि त्यालाही शेजारी बसवलं. आवाज वाचत होता, "तिसगाव, ता पाथर्डी."

"ता काय, ता?" मामंजी लॅपटॉपवर डाफरले. "तालुका म्हन की!"

आणि मोठ्याने हसले.