चार वायरी आणि बाबा

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये. तुम्हीच काहीतरी सांगा.

बाबांची जुनी गाडी चालताना झटके देत होती, म्हणून आज माणिकपूरच्या दुकानातून स्पार्क प्लग आणि वायरींचा सेट आणला. दुकानदाराने तीन प्रकारचे प्लग पुढे ठेवले, तिथेच माझी निम्मी अक्कल संपली. शेवटी जुना प्लग दाखवून तसलेच चार मागितले.

उमेळ्याला घरी येऊन प्लग बदलताना मी चारही जुन्या वायरी एकदम उपटल्या. नव्या हातात घेतल्यावर लक्षात आलं, कुठली कुठे होती ते बघितलंच नाही! अंदाजाने लावल्या आणि सेल्फ मारला. फाट्कन आवाज झाला आणि इंजिन बंद.

आवाज ऐकून बाबा बाहेर आले. वर्षभर त्यांना विसरायला होतंय. मला कधी काकांच्या नावाने हाक मारतात, कधी ओळखतच नाहीत.

"सरक," ते म्हणाले. एकेक वायर काढून त्यांनी भराभर दुसरीकडे लावली. "हं, मार सेल्फ."

गाडी लगेच सुरू झाली!

"बाबा, तुम्हाला आठवलं!" मी ओरडलोच.

त्यांनी फडक्याला हात पुसले आणि हसून विचारलं, "छान आहे हो गाडी. तुमचीच का?"

गाडी आता झकास चालतेय. तरी उद्या वायरी पुन्हा काढून बाबांना हाक मारावीशी वाटतेय. हे चुकीचं आहे का? घरी असं कोणी असेल तर खरंच सांगा.