सूपभर जोंधळे कशाबद्दल

सासूबाई गेल्या आणि घराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. निरवांगीच्या त्या घरातून दरसाल कुणाला काय जातं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मला मात्र जाताना त्या लोणच्याची बरणी उन्हात ठेव, एवढंच सांगून गेल्या.

निम्मं रान उसाखाली गेलं होतं. जोंधळा निम्माच पिकायचा, देणं मात्र पहिल्याइतकंच. सुगी झाली आणि आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला हाक मारली.

"तू शिकल्याली हाईस न्हवं? मग दरसाल कुनाला काय जातं त्ये लिवून काढ. नगं त्ये बंद कर. न्हायतर तुजं मासिक बंद करू."

मी बारामतीची. माझं मासिक माहेरी असल्यापासून पोस्टानं यायचं, वर्षाची वर्गणी सहा रुपये. गावात मी फक्त आबांची सून होते. माझं नाव घेऊन हाक मारणारा पोस्टमन तेवढा एक, तोही महिन्यातून एकदा. ते मासिक मी सुखासुखी सोडणार नव्हते.

वहीत तीन रकाने आखले: कुणाला, किती, कशाबद्दल. पहिले दोन भरले. तिसऱ्यानं डोक्याचा भुगा केला. तालमीची वर्गणी जायची, पण आबांनंतर घरातलं कुणी लाल मातीत उतरलं नव्हतं. पुण्याहून पेपर यायचा. आबांना वाचता येत नव्हतं, तरी त्या पेपराला हात लावायची सोय नव्हती, कारण चावडीवर तो 'आबांचा पेपर' म्हणून वाचला जायचा. मासिकाचं कसं सरळ होतं, आधी पैसे, मग अंक. इथं बलुतेदारांना धान्य द्यायचं ते झालेल्या कामाचं की होणाऱ्या, हेच कळेना. सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, "मागचंबी आन् फुडचंबी." मी वही मिटून चुलीपाशी जाऊन बसले.

शेवटचं नाव वस्तीवरच्या म्हाताऱ्या सुईणीचं होतं. दर सुगीला सूपभर जोंधळे. कशाबद्दल?

"बायकांचं त्ये. तुज्या सासूला ठावं," आबा म्हणाले.

माझ्या नवऱ्यानंतर त्या घरात पाळणा हलला नव्हता. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि म्हातारीचं सूप भरताना आजूबाजूच्या बायका माझ्या पोटाकडे बघायच्या. त्याचा मला भयंकर राग यायचा. काम नाही तर धान्य नाही, असं ठरवून मी ती ओळ खोडली. तालीम खोडली. ओढूनताणून मासिकाचे सहा रुपये बसवले आणि स्वतःवर खूश झाले.

म्हातारीचे गुडघे धरले होते, म्हणून यंदा तिची शेजारीण सूप घेऊन आली. "तिला सांगा, आता बंद झालंय," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी म्हातारी स्वतः आली. काठी टेकत, अनवाणी. ओट्यावर बसली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"कवा गेला?"

"कोण?"

"लपवू नगंस, बाई. माजं पोर कवा गेलं? कारखान्यात काय झालं त्याला?"

मला काही समजेना. हे, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. त्यांना काय होणार? मी तसं म्हणाले, पण तिला ते खरं वाटेना.

"जल्मला तवा रडला न्हाय. निळा पडला व्हता. मी त्वांडाला त्वांड लावून फुकलं, तवा रडला. तुजी सासू म्हनली, ह्यो हाय तवर दर सुगीला सूपभर जोंधळं तुजं. आन् तू म्हनतीस, बंद झालं."

घोटभर पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. नशिबानं तो शनिवारच होता. उन्हं कलल्यावर हे सायकलवरून आले. म्हातारी उठली, ह्यांच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. हे गोंधळून माझ्याकडे बघत होते.

"हाय," ती म्हणाली, आणि मग पाणी प्याली.

मी धावत जाऊन सूप भरून आणलं. तिनं ते निरखून पाहिलं. "तुजी सासू शीग लावून द्यायची." मी पुन्हा आत गेले आणि वर दाण्यांची रास चढवून, शीग लावून आणली.

त्या साली मासिकाची व्ही.पी. आली, सहा रुपये भरून सोडवायची; पण हिशेब आता बसत नव्हता, म्हणून ती मी परत पाठवली. पाठवताना रडले, खोटं कशाला सांगू? मग वही काढली, खोडलेली ओळ खाली नव्यानं लिहिली, आणि 'कशाबद्दल'च्या रकान्यात लिहिलं: हे आहेत म्हणून.