चांगदेवची एक ओळ

चांगदेव रोकडे या माणसावर मी जितका खेकसलो, तितका घरच्या कुणावर खेकसलो नसेन. आणि माणूस कसा, तर विठ्ठलवाडीच्या चाळीतून आलेला, डिप्लोमाला पहिला, आवाज कधी चढला नाही. एक्क्याण्णव साली आमच्या ठाण्याच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेससाठी मायक्रोप्रोसेसरचा कंट्रोल बनत होता. मी सेक्शनचा प्रमुख. प्रोग्रॅम लिहिण्याआधी माझं स्पेसिफिकेशन, म्हणजे मशीननं कसं चालायचं ते लिहिलेले कागद, तपासायचं काम त्याच्याकडे.

त्यानं कॉम्प्युटरमध्येच एक खोटा प्रेस उभा केला. कीबोर्डवरची दोन बटणं म्हणजे ऑपरेटरचे दोन हात. दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे आत हात राहायला नको. झालं की! पण हा बाबा आठवडाभर निरनिराळ्या तऱ्हांनी ती बटणं दाबत बसला.

"सर, एक बटण दाबूनच ठेवलं तर प्रेस एका हातावर चालतोय."

"कोण ठेवेल दाबून?"

"सगळेच. माझे वडील प्रेसवरच होते. दिवसाचा आकडा गाठायला बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचतात. एक हात मोकळा होतो ना. एकच ओळ वाढवूया सर. प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा ठोका नाही."

मी भडकलोच. गिऱ्हाइकाची त्या कागदांवर सही झालेली. ओळ बदलायची म्हणजे त्याच्या दारात जाऊन आमचं चुकलं म्हणायचं. "मशीन कागदाप्रमाणे चालतं का, तेवढं बघ. तुझ्या चाळीतल्या गोष्टी मला सांगू नकोस." असं बोललो मी. जीभ झडायला हवी होती तेव्हा.

सहा महिन्यांनी शहाडच्या एका कारखान्यात महिपत नावाच्या ऑपरेटरचा डावा पंजा आमच्याच प्रेसखाली गेला. डाव्या बटणात काडी होती.

चांगदेव आणि मी हॉस्पिटलात गेलो. आम्हाला बघून महिपत उठून बसायला धडपडला. "साहेब, मशीनचा काय दोष नाय. काडी मीच खोचलेली. तुमचं नाव उगाच खराब झालं, माफ करा."

चांगदेव माझ्याकडे बघत थांबला. मी खरं बोलेन असं त्याला अजून वाटत होतं. तुझा हात वाचवणारी ओळ यानं सांगितली होती, मी लिहू दिली नाही, एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "असू दे महिपत. पुढे सांभाळून काम कर."