एकाच लाइनीवर दोन फोन

निपाणीतल्या माझ्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच फोन वाजायला लागतो, आणि मला ते मनापासून आवडतं. कुणाच्या फोनची पिन भिंतीवरच्या जॅकमधून सारखी निसटते, कुणाला वरच्या मजल्यावर जोडणी हवी असते. कुणी पिनेची मोडलेली क्लिप काडेपेटीची काडी खोचून धरून ठेवलेली असते, आणि वर मलाच विचारतो, असं का होतंय म्हणून. टेलिफोनच्या वायरीचं काम आता उरलंय कुठे, असं घरचे म्हणतात. भरपूर उरलंय. दवाखाने आहेत, पतसंस्था आहेत, तंबाखूच्या वखारी आहेत, आणि मोबाईलवरचं धड ऐकू येत नाही अशी म्हातारी माणसं आहेत. मॉड्युलर जॅकमध्ये पिन खटकन बसते आणि रिसीव्हरमधून डायल टोन येतो, तेव्हा मला अजूनही पहिल्यांदाच जमल्यासारखा आनंद होतो.

सदलग्याच्या एका काकूंचा फोन आला तेव्हाही मी अशीच तोऱ्यात होते.

"पोरी, फोन आमच्या सोप्यात हाय. मला सैपाकघरात बी पायजे. पर सोप्यातला काढायचा न्हाय."

"मग बिनवायरचा घ्या की काकू. हातात घेऊन घरभर हिंडता येतंय."

"मला न्हाय हिंडायचं. एकाच लाइनीवर दोन फोन पायजेत. जमतंय का सांग."

गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकापेक्षा मला जास्त कळतं, असा माझा स्वभाव. त्यामुळे जराशी वैतागलेच. पण दुपारी केबलचं बंडल आणि जॅकचे डबे स्कूटरला अडकवले आणि निघाले.

सोपा म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. तिथे काकूंचे यजमान टीव्हीवर बातम्या बघत बसले होते. अख्खी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. मी सोप्यातला फोनचा जुना डबा खोलला, तारा तपासल्या आणि केबल घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे काकूंनी चहा टाकता टाकता सगळं सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी बेळगावला गेली आणि तिथेच आपल्या पसंतीनं लग्न करून बसली. तेव्हापासून आप्पा तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तिचा फोन आला की उचलायचे तेच. आवाज ओळखला की रिसीव्हर टेबलावर ठेवायचा, "फोन आलाय" असं आत ओरडायचं, पायात चपला सरकवायच्या आणि मायलेकींचं बोलणं संपेपर्यंत गोठ्यात जाऊन उभं राहायचं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकूंना लेकीशी मोकळेपणानं बोलायचं होतं, आप्पांना गोठ्यात न घालवता आणि त्यांच्या कानावरही पडू न देता. मला तर स्फुरणच चढलं. म्हटलं, या बाईसाठी आज असं काम करायचं की नाव काढलं पाहिजे.

"काकू, मी एक बटण बसवते. तुम्ही इथं फोन उचलला की सोप्यातला बंद. कुणाला काही ऐकू जायचं नाही."

"नगं."

"अहो, पण आप्पा तिकडं—"

"बटण नगं म्हटलं न्हवं? सरळ जोड."

इतकी चांगली युक्ती, आणि बाई ऐकायला तयार नाहीत. मी गाल फुगवून केबल ओढायला लागले. चौकटीच्या कडेनं क्लिपा ठोकत, मोरीचा ओलावा चुकवत, मसाल्याच्या डब्यांच्या फळीखालून नेली. मग सोप्यातल्या डब्यात नव्या केबलच्या तारा जोडायला गेले, तर आप्पा खुर्ची सोडून जवळ येऊन उभे राहिले.

"दोन्ही एकदम वाजत्यात?"

"व्हय."

"आन् ती तिकडं बोलाय लागल्यावर हितला उचलला, तर?"

"तर सगळं ऐकू येतंय," मी तुटकपणे म्हणाले. चोरून ऐकायची सोय करायला मी आलेली नाही, हे अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं. आप्पा मान हलवून परत बातम्यांकडे वळले. मला त्यांचा मनस्वी राग आला.

चारच्या सुमाराला दोन्ही फोन एकदम खणखणले आणि मी चक्क टाळी वाजवली. मुलीचाच फोन होता, काकूंनी तिला सांगून ठेवलं होतं. आज आप्पा उठले नाहीत. काकूंनी स्वयंपाकघरातला फोन उचलला. त्या रिसीव्हर कानापासून थोडा लांबच धरतात, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या मला मुलीचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. आवाज एकदम स्वच्छ. मी खुशीत हत्यारं आवरायला घेतली, आणि तेवढ्यात तो आवाज किंचित बारीक झाला. पाठोपाठ फोनमधून बातम्या ऐकू यायला लागल्या.

दुसरा रिसीव्हर उचलला गेला होता. माझं टाळकंच सरकलं. मी काकूंच्या कानाशी लागले, "आप्पांनी तिकडं उचललाय."

काकूंनी तळव्यानं बोलायची बाजू झाकली. "ठावं हाय गं मला. त्यासाठीच तर दोन मागिटलं. गोठ्यात हुबं राहून त्यास्नी काय ऐकू येतंय?"

त्यांनी तळवा काढला आणि मुलीला विचारलं, खोकला कसा आहे. मुलगी म्हणाली, तसाच आहे, रात्रभर झोप नाही. फोनमधल्या बातम्या अचानक थांबल्या. कुणीतरी टीव्ही बंद केला होता.

"आल्याचा काढा घे," आप्पा म्हणाले. "गार पानी पिऊ नगंस."

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, आता मुलगी फोन ठेवणार.

"आप्पा, घरातलं आलं संपलंय," ती म्हणाली.

"मग ये आन् घिऊन जा की," आप्पा म्हणाले. "त्यालाबी संगं आण."