भास्कर दारूनं गेला नाही

भास्कर उरकुडे गेल्याची बातमी त्याच्या धाकट्या मेहुण्यानं छापखान्यात आणून दिली. मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत बसलो होतो. मेहुणा दारातच थांबला, चपला काढाव्यात की नाही या घोटाळ्यात, आणि म्हणाला, "नानाजी, भाऊजी गेले... पहाटेच." पंधरा दिवसांपूर्वी ज्याच्याशी अर्धा तास वाद घातला होता तो माणूस असा पहाटे निघून जातो, हे मला त्या क्षणी खोटंच वाटलं. मशीन बंद करायला सांगून मी तसाच शाईच्या हातांनी निघालो.

स्मशानात माझ्या मागे दोन प्रतिष्ठित गृहस्थ उभे होते. दोघेही माझ्या ओळखीचे. त्यातले एक दरवर्षी माझ्याच छापखान्यातून दुकानाचं कॅलेंडर छापून नेतात. चिता पेटली आणि एक हळूच म्हणाला, "लिव्हर गेलं म्हणते त्याचं." दुसरा म्हणाला, "जाईनच. दारूवर पुस्तक लिवलं होतं ना त्यानं."

चितेकडे पाठ करून भांडायची ती जागा नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. मग वाचनालयात शोकसभा झाली. तिथे दारूबंदीसाठी झटणाऱ्या आमच्या गावच्या एका समितीचे अध्यक्ष बोलायला उठले, आणि रुमाल डोळ्यांना लावून म्हणाले, की एवढा गुणी माणूस, पण शेवटी त्या एका गोष्टीनं त्याला गिळलं. सभेनं माना हलवल्या. आठवड्याभरात आर्वीच्या पाहुण्यांचा निरोप आला. भास्करच्या मुलीचं, शैलाचं, स्थळ त्यांच्याकडे जवळजवळ ठरलं होतं. आता ते म्हणतात, पुढे बघू. का, ते त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. आता दीड महिना होत आला आहे. मी गप्प राहण्याचे दिवस संपले.

भास्कर दारूनं गेला नाही. कशानं गेला ते सांगतो, पण आधी तो कोण होता ते सांगायला हवं, कारण शोकसभेत तेही कुणी सांगितलं नाही.

तो वडनेरचा. बापाची कपाशीची शेती, तीन भाऊ. हिंगणघाटच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मॅट्रिक झाल्यावर घरी न सांगता तो मुंबईला गेला आणि दोन-तीन वर्षांनी कळलं की हा जहाजावर चढला आहे, प्रवाशांना जेवण वाढतो. ज्या घरात विहिरीपलीकडे पाण्याचा संबंध नव्हता त्या घरचा पोरगा समुद्रावर राहतो याचंच गावाला नवल. तिथे पहिल्याच महिन्यात त्यानं एका गोऱ्या बाईच्या माशाच्या ताटाजवळ भलतीच वाइन नेऊन ठेवली आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्याच्या वरचा म्हातारा गोवेकर बटलर त्याला बाजूला घेऊन गेला, शिवण उसवलेलं एक इंग्रजी पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पहले पढ. बाद में बोतल को हाथ लगा." भास्करनं ते पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. द्राक्ष कुठल्या मातीत कसं होतं, पेला किती भरायचा, उजेडासमोर का धरायचा, नाकाशी किती वेळ ठेवायचा, घोट तोंडात कुठे थांबवायचा, कुठल्या जेवणाशी काय जातं... आणि कुठल्या घोटानंतर पुढचा घ्यायचा नाही. तो म्हणायचा, "डोळे मायनं देल्ले. नाक मले त्या पुस्तकानं देल्लं."

मग त्याला नादच लागला. प्रत्येक बंदरात इतर लोक घड्याळं, ट्रान्झिस्टर घ्यायचे, हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात वाइनवरची पुस्तकं शोधायचा. आई आजारी पडली म्हणून सत्तरच्या आगेमागे तो कायमचा परत आला, तेव्हा पत्र्याची एक जड पेटी बैलगाडीतून वडनेरला उतरली. पेटीत विलायती बाटल्या आहेत अशी आवई उठली. पोलीस पाटील आला, निम्मं गाव आलं, पेटी उघडली आणि आत नुसती पुस्तकं. लोक निराश होऊन घरी गेले. हे तो इतका हसून सांगायचा की ऐकणाऱ्याला ठसका लागायचा.

तो मग वर्ध्यात एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागला, लग्न केलं, गावाच्या कडेला एका नव्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बांधलं. जिल्ह्यात पुढे दारूबंदी आली. मी त्याला एकदा सरळ विचारलं, की तुला आठवण येत नाही का. तो म्हणाला, "कायची? जहाजावर बी मी चमचा-चमचाच चाखली. अन् इथं चोरून जे भेटते ते वाइन नाई नाना. ते तं फकत विसरायसाठी पेते लोक. मले काई विसरायचं नाई." त्यानं इथे आल्यावर थेंब घेतला नाही. हे मी त्याच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या, साक्षीनं लिहितो आहे.

पण पुस्तकं तो वाचतच राहिला. लोकांना वाटतं, न पिणाऱ्यानं वाइनची पुस्तकं कशाला वाचायची. एका रविवारी कारंज्याहून माझ्या सासऱ्यांनी संत्र्यांची करंडी पाठवली होती. भास्करनं तीन संत्री सोलली, माझे डोळे माझ्याच उपरण्यानं बांधले आणि एकेक फोड हातात दिली. "गिळू नको. पयले नाकाशी धर. आता दातानं फोड, अन् थांब." मी आयुष्यभर संत्री खाल्लेला माणूस. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की उशिरा तोडलेलं आंबिया बहाराचं संत्रं आणि पहिल्या तोडीचं मृग बहाराचं संत्रं जिभेवर वेगळ्या जागी बसतं, आणि तिसरं कुठल्या तरी चोपण, खारवट जमिनीतलं आहे. बायको स्वयंपाकघरातून बघून हसत होती. तो म्हणाला, "हेच लिवलं आहे त्या पुस्तकाइत. फकत द्राक्षाचं लिवलं आहे."

आणीबाणी उठली त्या सुमारास त्यानं मराठीत पुस्तक लिहिलं. 'वाइन : ओळख आणि आस्वाद'. मीच छापलं, अक्षराचा खिळा न् खिळा जुळवून. आपल्या वाचकानं कधी न पाहिलेल्या गोष्टीची चव त्याला कशी सांगायची, हा प्रश्न त्यानं जांभळं, कवठ, चिंच, जवस आणि मोहाचं फूल घेऊन सोडवला होता. जांभूळ जिभेच्या कडा जसा आवळून धरतं, तशी काही लाल वाइन धरते, असं तो लिहायचा. शेवटचं प्रकरण थांबण्यावर होतं. आपल्या भाषेत पिणाऱ्याला एकच शब्द आहे, दारुडा, आणि म्हणून आपल्याकडे लोक एक तर पीत नाहीत किंवा दारुडेच होतात, असं एक वाक्य त्यात होतं. तेवढं एकच वाक्य तोंडोतोंडी फिरलं आणि त्यावर रान उठलं.

शोकसभेतल्या त्या अध्यक्षांनी मोर्चा आणला तो माझ्या छापखान्यावर. पुढे ते, मागे शाळेच्या सुट्टीतली मुलं. पोलिसांना बोलावलं होतं. फौजदारानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "यात नेमकं काय जप्त करू?" मग तो चहा पिऊन गेला. पण पुस्तकाच्या दुकानदारांनी गठ्ठे न सोडताच परत पाठवले. शाळेनं भास्करला पुस्तक मागे घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, पुस्तकात चूक दाखवा, मी चूक मागे घेतो. कुणी वाचलंच नव्हतं, तर चूक कोण दाखवणार? नोकरी गेली. मग तो मरेपर्यंत शिकवण्या करत राहिला.

याच अध्यक्षांना मी पुढे नागपूरला एका लग्नाच्या मुक्कामी हॉटेलात पाहिलं. हातात पेला होता. काढा घेतात तसं तोंड वाकडं करून त्यांनी तो एका दमात रिचवला आणि दुसरा भरला. मी येऊन भास्करला सांगितलं. मला वाटलं होतं, तो चिडेल. तो म्हणाला, "त्याले माह्या पुस्तकाची लय गरज हाय." चिडलो मीच. अजून चिडलेलोच आहे.

एक राग मात्र खरा होता, आणि तो मला लपवायचा नाही. वडनेरजवळच्या एका खेड्यातल्या गिरजाबाई एका दुपारी भास्करच्या घरी आल्या. मी परत आलेले गठ्ठे पोहोचवायला गेलो होतो. बाईंना वाचता येत नव्हतं, पुतणीकडून त्यांनी सगळं पुस्तक वाचून घेतलं होतं. मोर्चातल्या कुणीही एवढे कष्ट घेतले नव्हते. ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी लिवलं का हळूहळू पेल्लं तं माणूस शाना राह्यते."

"तसंच नाई बाई..."

"माह्या घरचा हळूहळूच पेत होता. मोहाची. पयले बैल गेला, मंग भांडे गेले, मंग तो गेला. तुमच्या पुस्तकात तो कुठं हाय?"

भास्करनं शेजारच्या गठ्ठ्यातली एक प्रत ओढून शेवटचं प्रकरण चाळलं. मग म्हणाला, "नाई. तो माह्या पुस्तकात नाई."

"मंग टाका त्याले."

त्यानं नवं प्रकरण लिहिलं. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी पहिलाच घोट शेवटचा असला पाहिजे, आणि त्याच्या घरच्यांना चवीच्या गोष्टी सांगायचा कुणाला हक्क नाही, असं त्यात होतं. ते घेऊन तो सायकलनं गिरजाबाईंच्या खेड्यात गेला आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता निम्मं खरं झालं." दुसरी आवृत्ती ठेवायला एकही दुकानदार तयार नव्हता, म्हणून ते प्रकरण छापायचं राहून गेलं. पण निम्मं खरं लिहिल्याची पावती त्याला जेवढी महत्त्वाची वाटायची तेवढं दुसरं काहीच नाही.

आता त्याच्या मरणाचं. या पावसाळ्यात त्यांच्या वस्तीतल्या नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. अर्थातच पहिल्यांदा भास्करला आला. जमिनीखाली नळाच्या फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. तक्रार करायला गेला, एकदा नाही, चारदा. अध्यक्षच त्या भागातून नगरपालिकेवर निवडून आलेले आहेत, पाण्याचं काम तेच बघतात. शेवटच्या वेळी मी सोबत होतो. पाच-सहा जण बसले होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "मास्तर, तुमचं नाक लयच शिकलेलं आहे. आता पाण्याचीबी परीक्षा घेता का?" सगळे हसले. भास्करही थोडं हसला. बाहेर आल्यावर मी त्याच्याशी वाद घातला, की तू तिथे ओरडला का नाहीस. तो म्हणाला, "ओरडलं तं म्हणतीन, पिऊन आला." तीच आमची शेवटची भेट.

घरी तो पाणी उकळून घ्यायचा. पण आमच्या शेवटच्या भेटीच्या तीन-चार आठवडे आधी शिकवणीच्या एका मुलाला कावीळ झाली म्हणून त्याला बघायला गेला, त्या घरच्या बाईनं पेलाभर पाणी पुढे केलं, आणि तो प्याला. कुणाच्या घरचं पाणी नाकारायचं नाही, हे वडनेरच्या मातीतून आलेलं. मी नंतर त्या बाईंना भेटलो. त्या सांगतात, मास्तरांनी पेला हातात घेतला, क्षणभर थांबले, आणि सगळं प्याले. त्याला वास आलाच असणार... त्या वस्तीत तेव्हा घरटी एकेक जण पिवळा पडला होता. बहुतेक उठले. हा उठला नाही, आठवड्याभरात गेला, मला आजाराचं कळायच्या आधीच. डॉक्टरांनी नंतर वहिनींना आणि मला समोर बसवून सांगितलं, ही पाण्यातून येणारी कावीळ, क्वचित एखाद्याचं लिव्हर पार नेते. तर हा माणूस पाणी पिऊन मेला. आर्वीच्या पाहुण्यांनी हे कृपा करून वाचावं. शोकसभेत रुमाल काढणाऱ्यांनीही वाचावं.

गिरजाबाई दहाव्याला आल्या होत्या. गावातल्या बायकांची कुजबुज त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्या तिथेच म्हणाल्या, "पुस्तकाचं माह्यं अन् त्याचं भांडण होतं. पन मास्तर दारूनं नाई मेले. दारूनं मेलेला माणूस कसा दिसते, मले इचारा." कुजबुज थांबली. तेवढ्यापुरती.

परवा मी वहिनींकडे बसलो असताना अध्यक्ष भेटायला आले. शोकसभेनंतर घरी जायचं राहिलं होतं म्हणाले. खुर्चीवर बसले, उसासा टाकला, पोरीच्या लग्नाचं काही लागलं तर सांगजा म्हणाले. वहिनी आत गेल्या आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ताटलीत घेऊन आल्या. तो त्यांनी अध्यक्षांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला.

"नळाचंच हाय," वहिनी म्हणाल्या. "उकळलं नाई."

अध्यक्षांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. आता घरून पिऊनच निघालो, असं काहीतरी पुटपुटत ते उठले, चपला घातल्या आणि गेले. शैला दारात उभी होती, तिनं त्यांना वाट दिली.

पेला वहिनींनी उचलला नाही. दिवेलागणीला मी निघालो तेव्हाही तो त्या स्टुलावर तसाच भरलेला होता.