हलक्या कूपेचं वजन

प्रस्तुत इसम, वय अठ्ठावन्न, वजन साठ किलो, धंदा जुन्या रेसिंग गाड्यांची पारख. व्यसन नाही, तपासणीत आजवर चूक नाही. खिशात कायम चुंबक, म्हणून बाजारात नावही तेच पडलेलं. गाडी तोलायच्या आधी आणि नंतर चुंबक स्वतः काट्यावर उभा राही. साठ आले की काटा बरोबर.

त्याचा हातखंडा एका चिमुकल्या इटालियन कूपेत, म्हणजे दोन दारांच्या बुटक्या गाडीत. ती दोन प्रकारांत निघाली, साधी आणि शर्यतीची. दिसायला जुळ्या बहिणी. साधीचा पत्रा पोलादी, वजन साडेनऊशे. शर्यतीच्या गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा, खिडक्या प्लास्टिकच्या, वजन साडेसातशे. साधीला शर्यतीची म्हणून खपवणारे पैशाला पासरी. पण पत्र्याला चुंबक चिकटला की त्यांचं पितळ उघडं.

त्या दुपारी थोरल्या भावाची गाडी आली. अकरा वर्षांपूर्वी भाऊ ती घेऊन घाटात गेला. गाडी सापडली, इंजिन चालू, दारं बंद. भाऊ सापडला नाही.

"तुमचा कागद मिळाला तर म्युझियमवाले आजच नेतील, भावजी," वहिनी म्हणाली. "ती दारात उभी असताना मला लेकीकडे राहायला जाववत नाही."

"मग द्या भंगारात."

"ह्यांची गाडी? तुम्ही दिली असती?"

चुंबकाने तपासणी सुरू केली. हातातला चुंबक बॉनेटवरून घसरला, दारांवरून घसरला. खिडक्या प्लास्टिकच्या. अस्सल हलकी. काट्यावर घेतली, तर आठशे वीस.

टाकी कोरडी, डिकी रिकामी. त्याने आत डोकावलं. ड्रायव्हरची सीट दबलेली होती.

"सत्तरच भरायचे हे," वहिनी भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली. "काटा बिघडलाय म्हणा."

"माझा काटा बिघडत नाही."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. माझं कधी ऐकलंय?"

आठशे वीस लिहिले तर वहिनी अडकली. साडेसातशे लिहिले तर एकतीस वर्षांतलं पहिलं खोटं. त्याने दार उघडलं आणि लहानपणी सायकलसाठी म्हणायचा तसं पुटपुटला, "दादा, उतर ना. आता माझी पाळी."

सीट सावकाश फुगली. काटा साडेसातशेवर आला.

'वाहन अस्सल हलक्या प्रकारातील असून तपासणीसमयी वाहनात कोणीही इसम नव्हता.' सही, शिक्का. म्युझियमवाल्यांनी गाडी नेली, वहिनी बॅग भरायला गेली.

नेहमीप्रमाणे चुंबक काट्यावर उभा राहिला. एकशे तीस भरले.